सरव्याचे पत्ते

खेळात श्रीमंत-गरीब असा भेद नसतो, असे आपण सहज बोलून जातो आणि पुराव्यादाखल आपल्या परिचयाचे खेळ पुढे करतो. मेंढीकोटाचा डाव घ्या. चौघे जण मांडी घालून बसतात, ५२ पाने पिसली जातात, प्रत्येकाच्या वाट्याला १३ येतात. ज्याच्या घरचा कॅट असेल त्याला चौदावे पान मिळत नाही आणि ज्याच्या खिशात दमडी नाही त्याच्या हातातला हुकमाचा एक्का कोणी काढून घेत नाही. वाटप दैवाचे, पुढचे कसब ज्याचे त्याचे.

गंजिफांची गोष्ट याहून बोलकी आहे. सावंतवाडीला आजही रंगविल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफेत १० रंग, प्रत्येक रंगाची १२ पाने, अशी १२० गोल पाने असतात. जुन्या काळी आपल्या देशात गंजिफा दोन प्रतींच्या बनत : एक दरबारी कलम, दुसरी बाजार कलम. दरबारी पाने हस्तिदंताची, कासवाच्या पाठीची, कधी जडावकामाची. बाजारातली पाने कापडाच्या किंवा कागदाच्या थरांवर साधे रंग चढवून केलेली. दोहोंच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर असे. पण राजवाड्यातील पानांवरचा राजा बाजारातल्या राजापेक्षा एक हातसुद्धा अधिक जिंकत नसे. श्रीमंताने पैसा मोजला तो नेत्रसुखासाठी. डावावर त्या पैशाची सत्ता नव्हती.

ही सत्ता ज्या खेळात प्रथमच उघडपणे शिरली तो खेळ १९९३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्याचे नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. कर्ते रिचर्ड गारफील्ड हे गणितज्ञ. प्रकाशक सिअ‍ॅटलजवळची 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' ही तेव्हाची लहानशी कंपनी. आता हा खेळ जगभर पसरला आहे आणि मुंबई-पुण्यातही तो खेळणारी तरुण मंडळी आहेत. त्याच घाटाचे, पोकेमॉनसारखे, दुसरे खेळ तर आपल्या शाळकरी मुलांच्या दप्तरापर्यंत येऊन पोहोचले आहेत. नावातल्या जादूमुळे काही पालक बिचकतात. ती जादू परीकथेतल्या चेटकिणीइतकीच खरी आहे, तेव्हा त्या शंकेत आम्ही येथे शिरत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या खेळात बळ विकत मिळते, त्या खेळात थोडक्या पैशांत उतरणाऱ्याला न्याय मिळतो काय? आणि तो जिंकला, तर त्याच्या जिंकण्यावरून आपण काय समजावे?

पत्त्यांच्या खेळावर त्रैमासिकाची पाने खर्ची घालावीत काय, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर असे की, संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात खेळाचा विचार चांगला तीन कलमांत केला आहे. खेळातही सद्‌गुण असू शकतो, अतिरेकाने पाप घडते, आणि खेळाला सर्वस्वी पारखे होणे हाही दोष होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तेथेच त्यांनी संत योहानाची जुनी कथा सांगितली आहे. आपल्या शिष्यांबरोबर खेळताना योहान दिसला म्हणून काही जण अस्वस्थ झाले. तेव्हा त्याने एका धनुर्धाऱ्याला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि असेच सतत करीत राहिलास तर काय होईल, असे विचारले. धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच, हे योहानाचे म्हणणे. खेळ जर आत्म्याच्या विसाव्याची जागा असेल, तर त्या जागी न्याय आहे की नाही हे पाहणे अप्रस्तुत ठरत नाही.

आता खेळाचे स्वरूप. दोघे जण समोरासमोर बसतात. प्रत्येकाचे आयुष्य २० गुणांचे. ते शून्यावर आले की डाव संपला. वाटायला समाईक कॅट नसतो. प्रत्येकाने आपापला कॅट घरून रचून आणायचा, त्याला खेळाडू 'डेक' म्हणतात. डेकमध्ये किमान ६० पाने हवीत. साध्या जमिनींखेरीज कोणतेही पान चारांहून अधिक वेळा चालत नाही. पाने मुख्यतः दोन जातींची : जमिनी, म्हणजे शक्तीचा उगम, आणि त्या शक्तीवर चालणारे मंत्र, योद्धे, श्वापदे. एका पाळीत एकच जमीन मांडता येते. जमीन नाही तर हातातले मोठ्यात मोठे पानही निरुपयोगी. शेतकऱ्याच्या घरच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पाने विकत मिळतात ती बंद पाकिटांतून. पहिल्या काळात एका पाकिटात १५ पाने असत : ११ सामान्य, ३ जरा कमी आढळणारी आणि एक दुर्मिळ. गारफील्ड यांची कल्पना होती की, माणूस दोन-चार पाकिटे घेईल, मित्रांशी अदलाबदल करील आणि जे हाती येईल त्यावर खेळेल. अशा स्थितीत प्रबळ पाने मुळातच विरळ राहतील आणि गावात एखाद्यापाशीच असतील. परंतु लोकांनी पेटीच्या पेट्या विकत घेतल्या. मग १९९४ मध्ये ६० पानांचा आणि चार प्रतींचा नियम आला. आरंभी तर प्रत्येक डावावर एकेक पान पणाला लावण्याचीही पद्धत होती. जुगाराशी असलेले हे नाते पुढे तोडण्यात आले. १९९५ मध्ये जुनी पाने पुन्हा छापली गेली तेव्हा ती जपून ठेवणाऱ्यांनी गिल्ला केला आणि १९९६ मध्ये कंपनीने शब्द दिला की, ठरावीक जुनी पाने पुन्हा कधीच छापली जाणार नाहीत. हा शब्द आजतागायत पाळला गेला आहे. काही पानांच्या किमती शेकडो, तर काहींच्या हजारो डॉलरांवर गेल्या त्या यामुळे. ज्यांनी आधी साठा केला त्यांच्या साठ्याची किंमत राखण्यासाठी नंतर येणाऱ्यांची वाट बंद झाली. कंपनीने वचन पाळले हे खरेच; पण त्या वचनाचा भार ज्यांनी ते कधी मागितले नव्हते त्यांच्यावर पडला.

बेताच्या पैशांत डेक रचणारा काय करतो ते जरा तपशिलाने पाहू, कारण विचाराचा गाभा तेथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तो बंद पाकीट घेतच नाही. पाकीट ही सोडत आहे. हवे ते पान निघेल याची शाश्वती नाही. दुकानदार पाकिटे फोडून सुटी पानेही विकतात; त्यांतले नेमके हवे ते पान तो वेचून घेतो. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१३ व्या परिच्छेदात दैवाधीन खेळांविषयी जे सांगितले आहे ते येथे लागू पडते. असे खेळ स्वतःहून अन्याय्य नसतात. पण माणसाला स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेपुरते लागणारे जेव्हा ते हिरावून घेतात, तेव्हा ते नीतीच्या दृष्टीने अग्राह्य ठरतात. खाऊच्या पैशांतून पाकिटामागून पाकीट फोडणाऱ्या मुलाला रागावण्याऐवजी सुटे पान घ्यायला शिकवणे हा, आमच्या मते, अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

दुसरी गोष्ट, तो एकच रंग धरतो. खेळात पाच रंग आहेत आणि प्रत्येक रंगाच्या मंत्राला त्याच रंगाची शक्ती लागते. लाल रंग घेऊ. 'लाइटनिंग बोल्ट' नावाचे लाल पान १९९३ च्या पहिल्याच संचात सामान्य पान म्हणून छापले गेले. एका जमिनीच्या शक्तीत ते प्रतिपक्षाचे तीन गुण घटवते. इतक्या वर्षांत त्याच्या तोडीचा घाव इतक्या स्वस्तात देणारी पाने थोडीच निघाली, आणि तरीही ते बेताच्या पैशांत मिळते. तसाच तीन गुणांचा घाव एका जमिनीत घालणारी आणखी तीन निरनिराळी सामान्य पाने आहेत. प्रत्येकी चार म्हटली की १६ झाली. हिशेब असा : सात घाव, प्रत्येकी तीन गुणांचे, म्हणजे २१. समोरच्याचे आयुष्य २०. तीन जमिनी वेळेवर आल्या तर पहिल्या पाळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन असे सहा घाव होतात आणि चौथ्या पाळीत सातवा. शेकडो डॉलर मोजून आलेला समोरचा आपली भारी पाने हातात धरून बसलेला असतो, तोवर डाव आटोपलेला असतो. या रचनेत हौसेला, देखाव्याला जागा नाही. प्रत्येक पानाला विचारायचे, तू किती शक्ती घेतोस आणि किती घाव देतोस? उत्तर पटले नाही तर पान बाहेर. आपल्याकडच्या गृहिणी महिनाअखेरीस याच रीतीने वाणसामानाची यादी तपासतात.

'तीन जमिनी वेळेवर आल्या तर' असे वर म्हटले. त्या 'तर'मध्येच सारी मेख आहे. साठांपैकी २० जमिनी ठेवल्या आणि आरंभी सात पाने उचलली, तर गणित सांगते की जवळजवळ दर चार वेळांतून एकदा हाती एक जमीन येते किंवा एकही येत नाही. हात परत करून नवा घेता येतो, पण एक पान कमी पडते. ही अनिश्चितता सर्वांनाच आहे. मात्र ती सर्वांना सारखी छळत नाही. दोन-तीन रंगांचे बळ एकत्र करायचे तर अशा जमिनी हव्यात, ज्या यातला कोणताही रंग देतील. १९९३ मधल्या दुरंगी जमिनी हे काम विनातक्रार करतात, आणि त्या पुन्हा न छापण्याच्या यादीत आहेत. एकेकीला शेकडो डॉलर पडतात. तेच काम करणाऱ्या स्वस्त जमिनीही आहेत. काही सेंटांत मिळतात. फरक एवढाच की, स्वस्त जमीन मेजावर येते ती आडवी, म्हणजे त्या पाळीत ती शक्ती देत नाही. पुढच्या पाळीत देते.

आमच्या दृष्टीने या खेळातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की, श्रीमंत खेळाडू मोठमोठे राक्षस आणि देवदूत विकत घेत असणार. वस्तुतः त्याचा पुष्कळसा पैसा जमिनींत जातो. प्रबळ मंत्र स्वस्त पानांतही सापडतात. पण हवा तो मंत्र हव्या त्या वेळी साधेल, ही खात्री महाग आहे. गरिबालाही तेच मिळते, पण एक पाळी उशिरा. ज्यांनी सरकारी इस्पितळात केसपेपर काढण्यासाठी सकाळ घालवली आहे, ज्यांनी रेशनच्या रांगेत उभे राहून हजेरी बुडविली आहे, त्यांना 'एक पाळी उशिरा' या शब्दांचे वजन कळेल. दैवाचा तडाखा श्रीमंतालाही बसतो. त्याच्यापाशी तो झेलण्यापुरती जागा असते, एवढेच. गरिबाच्या हिशेबात एक चूक, एक आजारपण, एक बुडालेला पाऊस यांसाठी जागाच ठेवलेली नसते. त्याची हुशारी कमी पडते म्हणून तो मागे राहत नाही. त्या हुशारीला दर वेळी विनाचूक चालावे लागते, म्हणून तो मागे राहतो.

येथे बेताच्या डेकचे चाहते एक उदाहरण हटकून देतात. १९९६ साली अटलांटा येथील एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू एक विचित्र लाल डेक घेऊन उतरला. त्यातली कित्येक पाने अशी होती की, त्यांना कोणी विचारत नसे. दुबळे ऑर्क, किरकोळ बुटके. त्यांची जुळणी जे श्नायडर यांच्या कल्पनेवर झाली होती : पहिल्या पाळीपासून प्रत्येक पाळीत हाती असलेली सारी शक्ती वापरली गेली पाहिजे, एक थेंबही वाया जाता कामा नये. तो डेक भल्याभल्यांना भारी पडला आणि स्लाय यांनी वरचा क्रमांक मिळवून मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळविला. पुढे त्या रचनेला त्यांचेच नाव पडले आणि 'शक्तीचा चढ-उतार' पाहून डेक रचण्याची रीत सर्वमान्य झाली. ही गोष्ट खरी आहे आणि मोठी सुंदर आहे. नाकारलेल्या दगडांचे असे सोने झालेले पाहिले की ख्रिस्ती मनाला आनंद व्हावा, हे स्वाभाविकच.

परंतु या गोष्टीचा जो अर्थ लावला जातो त्याविषयी आम्हांला शंका आहे. "पाहा, डोके असेल तर पैसा लागत नाही" असे म्हटले जाते. वर्गात पहिल्या आलेल्या गरीब मुलाचे छायाचित्र दाखवून आपणही हेच म्हणतो. दाविदाने शौलाचे जड चिलखत उतरवून ठेवले, ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे उचलले आणि गोफण घेऊन तो निघाला, ही कथा आपल्या मुलांना पाठ असते. त्या कथेत दाविदाचा विश्वास गौरविला आहे. मेंढपाळांनी राक्षसांशी गोफणीनेच लढत राहावे, अशी व्यवस्था तेथे सांगितलेली नाही. एका दाविदाच्या जयजयकारात बाकीच्या मेंढपाळांचे काय झाले हे विचारायचे राहून जाते. बेताच्या डेकने कधी मधी मारलेली बाजी खेळाडूचे गुण सिद्ध करते. खेळाचा न्याय ती सिद्ध करीत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात गुंफल्या की, हरलेल्याच्या माथी दोन दोष येतात : तो गरीब तर होताच, आता बुद्धीनेही कमी ठरला.

"कोणी जबरदस्ती केली आहे काय? नियम ठाऊक असून तो बसला ना?" हा आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो. ख्रिस्तसभेने या युक्तिवादाला पत्त्यांहून कितीतरी गंभीर बाबतीत उत्तर दिले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात सांगितले की, मजुराने कबूल केली एवढ्यावरून मजुरी न्याय्य ठरत नाही. पोप पॉल सहावे यांनी १९६७ च्या 'पॉप्युलोरुम प्रोग्रेसियो'मध्ये हेच तत्त्व राष्ट्रांच्या व्यापाराला लावले. दोन पक्षांच्या स्थितीत फार अंतर असेल तर त्यांची संमती ही न्यायाची हमी होऊ शकत नाही, असा त्यांचा आशय आहे. स्पर्धा नष्ट करावी, असे मात्र त्यांनी म्हटलेले नाही. ती न्याय्य आणि माणुसकीची राहील अशा मर्यादेत तिला ठेवावे, असे म्हटले आहे. मेजावरचा खेळ आणि देशोदेशींचा व्यापार यांची तुलना कोणाला हास्यास्पद वाटेल. पण मर्यादा घालून स्पर्धा वाचवता येते काय, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि खेळाडूंनी त्याचे एक उत्तर शोधले आहे.

त्या उत्तराचे नाव 'पॉपर', म्हणजे कंगाल. या प्रकारात नियम एकच : जी पाने कधी ना कधी सामान्य म्हणून छापली गेली, तेवढीच वापरायची. दुर्मिळ पाने घरी ठेवायची. खेळाडूंनी आपापसात सुरू केलेली ही प्रथा २००८ मध्ये संगणकावरील खेळात अधिकृत झाली आणि २०१९ मध्ये कागदी पानांसाठीही सर्वत्र एकच नियमावली आली. ज्या प्रकारांत १९९३ च्या जमिनी चालतात तेथे डेक हजारो डॉलरांच्या घरात जातो. पॉपरमध्ये बहुधा शंभर डॉलरच्या आत चांगल्यातला चांगला डेक उभा राहतो. आपल्या मानाने हीही रक्कम लहान नाही, हे खरे. पण येथे प्रत्येकाची दुरंगी जमीन आडवीच येते. उशीर सगळ्यांच्याच वाट्याला सारखा आला की त्याची लाज उरत नाही, आणि खेळाची गंमत जराही कमी होत नाही. उलट जाणकार सांगतात की, येथे पान खेळण्याचे कसब अधिक पाहायला मिळते.

आपल्या परंपरेत या भेदाला जुनी नावे आहेत. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी दारिद्र्याला वधू म्हणून वरले. मठातील बंधू-भगिनी दारिद्र्याचे व्रत घेतात. हे दारिद्र्य स्वखुशीचे आणि समाईक असते. ज्याने व्रत घेतले तो उपाशी राहिला तर भाकरी वाटून घ्यायला शेजारी बंधू असतो. झोपडीतल्या माणसावर लादली गेलेली विपन्नावस्था ही निराळीच वस्तू. पहिलीला सुवार्तेतला सल्ला म्हणतात, दुसरीविरुद्ध संदेष्ट्यांनी आवाज उठविला. सुखवस्तू माणसाने एका मेजावर बसून दुसऱ्याची विपन्नावस्था म्हणजे व्रतच असल्यासारखी तिची स्तुती करावी, हा प्रकार आपल्या प्रवचनांतूनही अधूनमधून डोकावतो. बेताचा डेक हे भारी डेकांच्या स्पर्धेत एकट्याचे हाल आहेत. पॉपरमध्ये ते सर्वांनी मिळून घेतलेले व्रत आहे. पाने कदाचित तीच असतील.

व्रताला मोहही चिकटतात. सामान्य म्हणून एकदाच, १९९३ मध्ये, थोड्या संख्येने छापलेले 'ऊब्लिएट' हे पान कंगालांच्या मेजावर मागणी वाढताच महाग होऊन बसले. २०२० साली ते पुन्हा छापले गेले तेव्हा कोठे किंमत उतरली. एखादा डेक सर्वांना पुरून उरू लागला तर त्यातली पाने वर्ज्य करण्यासाठी जानेवारी २०२२ मध्ये खेळाडूंचे एक मंडळ नेमावे लागले. समता एकदा नियम करून ठेवून देता येत नाही, तिची डागडुजी करीत राहावी लागते. ज्या कंपनीने हे मंडळ नेमले तिनेच त्याच वर्षाच्या अखेरीस ३० व्या वाढदिवसानिमित्त जुन्या पानांची एक आवृत्ती काढली : १५-१५ पानांची चार पाकिटे, किंमत ९९९ डॉलर. पाठीची छपाई वेगळी असल्यामुळे ती पाने अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत. म्हणजे ही पुन्हा दरबारी कलमच झाली. खेळाडू संतापले, आम्हांला मात्र वाटते की, डावावर सत्ता न चालवणारी महागाई ही सर्व महागाईंत निरुपद्रवी.

एक गोष्ट पॉपरच्या स्तुतीत सांगितली जात नाही, ती सांगणे भाग आहे. ही सामान्य पाने इतकी स्वस्त का? कारण कोणीतरी दुर्मिळ पानाच्या हव्यासाने हजारो पाकिटे फोडलेली असतात. दुर्मिळ पान खिशात जाते, सामान्य पाने दुकानाच्या मेजावर ढिगाने पडून राहतात. काटकसरी खेळाडू त्यातून वेचतो. त्याची काटकसर दुसऱ्याच्या उधळपट्टीवर उभी आहे. धनवानाच्या मेजावरून पडणाऱ्या तुकड्यांची आस धरून दाराशी बसलेला लाजर येथे आठवतो. पण त्याहून जवळची वाटते ती रूथ. लेवीय ग्रंथात आज्ञा आहे की, शेताचे कोपरे कापू नयेत आणि पडलेली कणसे उचलू नयेत. ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावीत. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती या आज्ञेच्या आधारावर. सरवा वेचण्यात कष्ट आहेत, नजर आहे, स्वाभिमान आहे; भिकेचा कटोरा नाही. आपल्याकडे भाताच्या कापणीनंतर ज्यांनी शेतात वाकून लोंब्या वेचल्या आहेत त्यांना हे ठाऊक आहे. फरक असा की, इस्राएलात सरवा ठेवणे हे शेतमालकाचे कर्तव्य होते. दुकानातल्या मेजावरचा ढीग कोणी कर्तव्य म्हणून ठेवलेला नाही. उद्या पाकिटांचा सोस ओसरला तर तोही उरणार नाही. बवाजाने तर आज्ञेच्याही पुढे जाऊन आपल्या गड्यांना सांगितले की, पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम तिच्यासाठी गळू द्या.

तसे बवाज या खेळातही भेटतात. आपल्याकडची जादा पाने नवख्याला तशीच देऊन टाकणारे खेळाडू आहेत. पॉपर खेळणारे कित्येक जण पिशवीत दोन डेक बाळगतात. एक स्वतःसाठी आणि एक रिकाम्या हाताने आलेल्यासाठी. दोन्ही आपल्याच मालकीचे, दोन्हींची ताकद आपल्याला पुरती ठाऊक. समोर परका माणूस येऊन बसतो, त्याला यातले काहीच ठाऊक नसते. दोहोंपैकी कोणता डेक त्याच्यापुढे सरकवायचा, हे पाने पिसण्यापूर्वी ठरवावे लागते.